हजेरीपटात 'समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती' आणायची कशी?

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई; उत्तरं देणारेही आपापल्या ठिकाणाच्या नावाने): बी.एड.च्या प्रात्यक्षिकाला सातवीची गैरहजेरी हा विषय घेतला आहे. मार्गदर्शकांचा शेरा: 'आकडे आहेत, समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती नाही.' आकड्यांत कल्पना कुठून आणायची?

रबाळे: इथे कल्पना म्हणजे मनचं रचणं नव्हे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९मध्ये मांडलं ते असं, की एकट्याची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांतला धागा दिसला पाहिजे. वर्गातलं एक मूल येत नसेल तर त्याच्या घरी विचारा. एकाच वस्तीतली नऊ येत नसतील तर वस्तीकडे बघा.

जून ते एप्रिल पूर्ण हजेरीपट घ्या, नावांऐवजी क्रमांक लिहा. नुसती महिन्याची बेरीज करू नका, तिच्यात सगळं झाकलं जातं. सलग सात दिवसांवरचे खाडे लाल पेनाने घेरा आणि शेजारी वस्ती लिहा. दिवाळीनंतर सुरू होऊन एप्रिलअखेरपर्यंत चालणारा खाडा दिसला, तर आधी वीटभट्टीचं स्थलांतर तपासा. मुलींचेच सुटे खाडे असतील तर धाकटी भावंडं आणि पाण्याची वेळ.

वाशी: 'का आला नाहीस?' विचारलंत तर 'बरं नव्हतं' एवढंच हाती लागेल. मुलाला ती झडती वाटते. 'काल उठल्यापासून काय काय केलंस?' असं विचारा. आणि 'पालक उदासीन' हे शिक्षकांचं मत आहे, ते कारणाच्या रकान्यात घालू नका. बहुतेक प्रात्यक्षिकं इथेच फसतात.

घणसोली: अंतरही बघा. शिक्षण हक्काच्या नियमात शाळा पाचवीपर्यंत १ किमी, सहावी ते आठवी ३ किमीच्या आत हवी. नकाशावर ते बसतं. पण वस्ती ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला आणि शाळा पश्चिमेला असेल, तर मध्ये तो रस्ता आणि रेल्वेचे रूळ आहेत. शाळेच्या वेळेला स्वतः चालून मिनिटं मोजा. त्याच वस्तीतून रोज येणारी मुलंही शोधा, नाहीतर सगळं 'गरिबी'वर ढकलून मोकळे व्हाल.

जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगाला (इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला) हेच सुनावलं होतं: महसूल कष्टकऱ्यांचा, शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी. दोष मुलाला नाही, व्यवस्थेला.

प्रश्नकर्ती: खाडे घेरले. क्रमांक ११, १४, २६, तिघांचा खाडा नोव्हेंबरात सुरू होतो, वस्ती एकच.

रबाळे: मग आधी हे विचारा: स्थलांतर असेल तर जाताना त्यांना शिक्षण हमी पत्रक (नव्या ठिकाणच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते) दिलं होतं का, आणि ती गेली तिथल्या शाळेच्या पटावर चढली का?