एसीबीनेमला मराठीत काय म्हणावं?

रातपाळीवाला : मिहानातल्या आमच्या नव्या पोरांसाठी व्हीटॅमवर (आयबीएम मेनफ्रेमवरचं, टर्मिनल आणि प्रोग्राम जोडून देणारं सॉफ्टवेअर) मराठी टिपणं काढतोय. अ‍ॅपल (APPL) स्टेटमेंटवर, म्हणजे व्हीटॅमला एखाद्या प्रोग्रामची ओळख करून देणाऱ्या ओळीवर, दोन नावं असतात. एक पहिल्या कॉलमपासूनचं लेबल, दुसरं एसीबीनेम (ACBNAME) या शब्दासमोरचं. लेबलला 'नाव' आणि दुसऱ्याला 'टोपणनाव' लिहिलं, चालेल? ऑब्जेक्टला 'वस्तू' म्हणवत नाही, त्यावरही सांगा. (अ‍ॅपल म्हटल्यावर पोरं फोन काढतात, ते वेगळंच.)

जुना सिसप्रोग : टोपणनाव नको भाऊ. प्रोग्राम सुरू होताना एसीबी (व्हीटॅमशी बोलायचा कंट्रोल ब्लॉक) उघडतो आणि त्यात जे नाव देतो तेच व्हीटॅम नोंदींत शोधतं. सीआयसीएस (मेनफ्रेमवर व्यवहार हाताळणारी प्रणाली) सुरू होताना वाचते त्या एसआयटी टेबलात अ‍ॅपलआयडी, म्हणजे ती देणार ते नाव, एक आणि नोंदीत एसीबीनेम दुसरं असेल, तर ओपन फेल, एरर ५ए, आणि रात्री दोनला फोन तुम्हालाच. इतक्या महत्त्वाच्या नावाला टोपणनाव? त्यात व्हीटॅमात अलायसची भानगड निराळी आहे, एका नेटवर्कातलं नाव दुसऱ्यात बदलून देणारी. टोपणनाव तिच्यासाठी राखून ठेवा. मी 'नेटवर्क-नाव' आणि 'प्रोग्राम-नाव' असं लिहितो.

कन्सोलकर : 'प्रोग्राम-नाव' वाचून पोरं जेसीएलमधल्या (जॉब चालवायच्या सूचनांतल्या) पीजीएमसमोरचं नाव आणून टाकतील. एसीबीनेम तसंच ठेवा, मॅन्युअलमध्ये शोधायचं तर त्याच शब्दानं शोधणार ना. पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा : प्रोग्राम एसीबी उघडताना देतो ते नाव. ते दिलं नाही तर लेबलच दोन्ही कामं करतं.

दोन नावं कशाला, हेही लिहा, तिथेच सगळे अडतात. एसीबीनेम आपल्या डोमेनपुरतं (एका व्हीटॅमच्या ताब्यातल्या भागापुरतं) वेगळं असलं की झालं, लेबल मात्र अख्ख्या नेटवर्कात एकमेव हवं. म्हणून दोन मशीनवर टीएसओचं (युजर लॉगऑन करून काम करतात त्या प्रणालीचं) एसीबीनेम टीएसओच, पण लेबलं एनजीपीटीएसओ आणि पीयूएनटीएसओ. नागपुरात ऑटोवाल्याला 'बर्डी' सांगून भागतं, बाहेरगावच्या पत्रावर 'सीताबर्डी, नागपूर' लागतंच. तसंच, त्याच डोमेनमधला टर्मिनल टीएसओ मागू शकतो, पलीकडच्याला लेबलच द्यावं लागतं.

लेबल आठ अक्षरांत बसवायचं, सुरुवात आकड्यानं नको. त्यामुळे शहराचा कोड तीन अक्षरांहून मोठा घेऊ नका.

जुना सिसप्रोग : मान्य. ऑब्जेक्टला 'नोंद' म्हणा. 'मेजर नोड' म्हणजे नोंदींचा गट, तोही शब्द तसाच ठेवा.

रातपाळीवाला : आणि डिस्प्लेत स्टेटस 'कॉनक्ट' येतो, त्याला 'जोडलेला' लिहू?

कन्सोलकर : अजिबात नको! तो कनेक्टेबल आहे, कनेक्टेड नव्हे. नोंद व्हीटॅमात चालू आहे, प्रोग्रामनं एसीबी अजून उघडलेला नाही. उघडला की 'अ‍ॅक्टिव्ह' दिसतो. 'जोडलेला' लिहाल तर पोरगा म्हणेल सीआयसीएस वर आहे, आणि युजर लॉगऑनला ताटकळत बसतील. 'जोडता येईल असा' लिहा. लांबलं तरी चालेल.