मदत हवी आहे: ओढ्यात गोटे परत टाकायचेत, मळ्या आणि मुरी या माशांसाठी

नमस्कार मंडळी, सातारा तालुक्यातनं लिहितोय. आमचा ओढा पुढं उरमोडीला मिळतो. चार वर्षांमागं त्याचं खोलीकरण झालं, पोकलेननं तळातले गोटे, वाळू सगळं खरवडून काठावर ढीग लावले. विहिरींना आता मे महिन्यात पण पाणी असतं, त्यामुळं काम वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण तळ नुसता सपाट मुरूम आणि वर बोटभर गाळ, आणि मळ्या, मुरी दोन्ही गायब.

लहानपणी आजोबा गोटा हळूच उचलायला लावायचे, पाणी गढूळ व्हायच्या आत पट्ट्यापट्ट्याची मुरी खालनं सुर्रकन निसटायची. मळ्या तर हनुवटीखालच्या चकतीनं दगडाला चिकटून शेवाळ खरवडत बसायचा, धार कितीबी असो. आता जाळ्यात येते ती चिलापी. तिची मादी अंडी तोंडातच सांभाळते, गोटे असले काय नसले काय. पण ज्यांची अंडी खडीच्या फटीत पडतात त्यांना फटीतनं वाहतं पाणी लागतं, गाळ बसला की अंडी गुदमरतात.

तर आम्ही पाच-सहा जणांनी ठरवलंय की मृग लागायच्या आत काठावरचेच गोटे परत आत टाकायचे. डोहाला हात लावायचा नाही, तिथं मरळ आणि वाम आहे, त्यांना मऊ तळच बरा. फक्त उथळ खळाळाची जागा, साधारण तीस मीटर.

आता अडचण अशी की मूठभर ते नारळाएवढे मिसळून टाकावेत का एकाच मापाचे, आणि पहिल्याच पुरात वाहून जाऊ नयेत म्हणून खाली मोठे धोंडे अर्धे पुरून ठेवले तर टिकतील का? एक जण क्रशरची खडी फुकट देतोय, पण ती धारदार आणि भुकटीनं भरलेली, माझं मन घेत नाही. आणि वरच्या शेतातली माती येतच राहिली तर वर्षात फटी परत बुजणार, मग आधी माती धरायला काठाला वाळ्याचं गवत लावून एक पावसाळा थांबावं का दोन्ही बरोबरच करावं?

काठावरचा ढीग हलवायला तहसीलची परवानगी लागते का, गौण खनिजात धरतात का, हे पण कुणी केलं असेल तर सांगा. सांगली भागात येरळेवर किंवा अग्रणीवर असं कुणी केलंय का? बघायला मी गाडी काढून येतो.