बेचिराख म्हणजे नक्की काय?

सेंट किल्डाबद्दल वाचत होतो, स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमधलं बेट. २९ ऑगस्ट १९३० ला तिथली उरलेली ३६ माणसं जहाजात बसली आणि कायमची गेली. ह्याला मराठीत काय म्हणायचं? स्थलांतर मिळमिळीत वाटतं, ते पक्षीपण करतात नि परत येतात. विस्थापित म्हटलं की डोळ्यासमोर धरण येतं, आणि इथे तर लोकांनीच सरकारला अर्ज केला होता की आम्हाला हलवा. मी 'बेट बेचिराख झालं' लिहिलं तर मित्र म्हणे आग कधी लागली?

— तुमचं बरोबर आहे, मित्राचं चूक. मूळ फारसी बेचिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. जुन्या महसुली कागदांत बेचिराख गाव म्हणजे वस्ती उठलेलं गाव, जळलेलं नव्हे. ग चा ख झाला आणि मग सगळ्यांना त्यात राख दिसायला लागली, तिथून सगळा घोळ. सेंट किल्डाला तर शब्द अगदी फिट्ट बसतो, जाताना घराघरात बायबल उघडं ठेवलं नि थोडे ओट्स ठेवले असं सांगतात, पण संध्याकाळी दिवा लावणारं कोणी नाही.

— व्युत्पत्ती मान्य, पण आज वाचणारा राखच वाचणार ना. ट्रिस्टन द कुन्हा घ्या, दक्षिण अटलांटिकमधलं. १९६१ ला गावाशेजारीच ज्वालामुखी फुटला, लाव्ह्याखाली मासळीचा कारखाना गाडला गेला, घरं मात्र बहुतेक वाचली, आणि सगळ्या २६४ लोकांना शेवटी इंग्लंडला नेलं. तिथे 'बेट बेचिराख झालं' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटणार सगळं जळून गेलं. तुमच्या जुन्या अर्थाने बरोबर, आजच्या अर्थाने साफ खोटं, मग लिहायचं तरी कसं?

— एवढी झटापट कशाला, सरळ 'गाव उठलं' म्हणा की. आणि ह्याचा फायदा असा की उठलेलं गाव पुन्हा वसतं पण. ट्रिस्टनवाल्यांना इंग्लंड मानवलं नाही, मतदान घेतलं तर १४८ जण परत जाऊ म्हणाले आणि फक्त ५ नको म्हणाले, १९६३ ला बहुतेक सगळे परत. बेचिराखला असा उलटा शब्द आहे का सांगा.

— आहे की, 'नांदतं'! नांदतं घर, नांदतं गाव. पण हो, क्रियापद म्हणून उठणं-वसणं ही जोडी भारी आहे, सेंट किल्डाला मी 'उठलं' लिहीन. बेचिराख म्हणायचं तर तिथे आणखी एक अडचण आहे, १९५७ पासून लष्कराचं रडार ठाणं आलं, म्हणजे दिवे लागतात, फक्त गावातलं कोणी नाही.

— मग त्याला नांदतं म्हणायचं का? 😄