नळ आले, आता सांडपाण्याचं काय? चार योजनांचा पैसा एकत्र करता येते का?

उमरेडचा_पोट्टा:
राम राम मंडळी. गाव उमरेड तालुक्यात, लोकसंख्या २४०० च्या आसपास. जलजीवनचे नळ घरोघरी आले अन् आता वरच्या पुऱ्याचं सांडपाणी खालच्या पुऱ्याच्या दारात येऊन राहिलं, रोज भांडणं. मी पहिल्यांदाच मेंबर झालो. १५ वा वित्त आयोग, स्वच्छ भारत, रोजगार हमी, खाणवाल्यांच्या पैशातून येणारा खनिज निधी, सारं मिळून भुयारी गटार होते का? ठेकेदार म्हणते होते, पण उद्या ऑडिटवाला आला तर उत्तर मलेच द्यावं लागन ना बाप्पा.

निवृत्त_जेई:
भुयारी गटार डोक्यातून काढा. जलजीवनचा हिशोब माणशी ५५ लिटरचा आणि गटार वाहती राहायला साधारण १३५ लिटर धरतात, म्हणजे तुमच्या पाइपात मैला पुढे सरकणारच नाही, वर्षभरात चेंबर तुंबतील आणि मग उपसायला ग्रामपंचायतीनं कोणाला बोलवायचं? संडास शोषखड्ड्यावरच राहू द्या. प्रश्न मोरी अन् धुण्याच्या पाण्याचा आहे, तेवढाच सोडवा.

ग्रामसेवक_विदर्भ:
पैसे एकत्र करता येतात, पण एकाच खर्चाचं बिल दोन योजनांत लावायचं नाही, ऑडिटचे आक्षेप इथूनच निघतात. कामं तोडून घ्या, प्रत्येकाचं अंदाजपत्रक वेगळं, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक वेगळं. आराखडा मात्र एकच करून ग्रामसभेचा ठराव घ्या.
आता तुमचंच गणित. स्वच्छ भारत टप्पा २ च्या नियमात ५००० पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये, म्हणजे २४०० ला ६ लाख ७२ हजार. त्यातले ३० टक्के, २ लाख १ हजार ६०० तुम्ही वित्त आयोगातून टाकायचे, बाकीचे स्वच्छ भारतातून येतात. १५ व्या वित्त आयोगाचे ६० टक्के बंधित, म्हणजे ठरल्या कामालाच वापरायचे, निम्मे पाण्याला अन् निम्मे स्वच्छतेला, तर हा हिस्सा स्वच्छतेच्या बंधितातूनच दाखवा, अबंधिताला हात लावू नका, ते दुसरीकडे कामी येतात. घरामागचे शोषखड्डे रोजगार हमीत टाका, मजुरी मस्टरवर निघते. अन् १५ व्या आयोगाचा कालावधी मार्च २०२६ पर्यंतचाच, हे ध्यानात ठेवा.

उमरेडचा_पोट्टा:
भाऊ, आमच्याकडं सारी काळी माती हाय, शोषखड्डे पावसाळ्यात भरूनच राह्यतात. काय करावं?

निवृत्त_जेई:
बरोबर, काळी माती फुगली की पाणी घेत नाही, घरोघरी शोषखड्ड्यांचा नांदेड पॅटर्न तसाच्या तसा उचलून चालत नाही. मुरूम लागेल तिथंच खड्डे करा, बाकी पाणी नालीनं गावाच्या उताराला नेऊन स्थिरीकरण तळं करा, म्हणजे पाणी साचून आपोआप साफ होईल असं. माणशी ५५ लिटर म्हणजे रोज १ लाख ३२ हजार लिटर पाणी गावात येतं, दोन तृतीयांश जरी सांडपाणी धरलं तरी ८८ हजार लिटर, तळं त्या मापानं काढा, नाहीतर कोणीतरी फोटोपुरतं डबकं खणून जातो.

कुहीवाला:
खनिज निधी नालीला मागा राजेहो. उमरेडला कोळसा खाणी हायेत, तुमचं गाव खाणबाधित यादीत असन तर पाणी-स्वच्छता त्यात प्राधान्याची कामं, प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. पण तळ्याले जागा कुठून आणता?

उमरेडचा_पोट्टा:
खाली गायरान हाय, पण अर्ध्यावर अतिक्रमण.

ग्रामसेवक_विदर्भ:
मग आधी मोजणीचा अर्ज टाका. जागेचा सातबारा जोडल्याशिवाय तांत्रिक मान्यतेची फाईल पुढं सरकत नाही.