आठव्या महिन्यात बहिणीला फ्लू. बाळाला धोका आहे का?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ):
माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. ओटीभरणाला आलेल्या पाहुण्यांपैकी दोघे-तिघे खोकत होते आणि तिसऱ्या दिवसापासून तिला ताप, अंगदुखी व कोरडा खोकला सुरू झाला. गरोदर बाईने गोळ्या घेऊ नयेत, तुळस-आल्याचा काढा पुरे, असे आईचे म्हणणे आहे. मात्र काल रात्री ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपली. बाळाला संसर्ग पोहोचतो का? जन्मल्यावर त्याला अंगावर पाजावे का?

उत्तर १ (निवृत्त आरोग्यसेविका, अमरावती जिल्हा):
भाऊ, आडवे पडता येत नसेल तर आजच दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. या दिवसांत गर्भाशयामुळे छातीखालचा पडदा वर सरकतो आणि ऑक्सिजनची गरज साधारण २० टक्क्यांनी वाढते, त्यामुळे एरवी अंगावर काढता येणारा फ्लू न्यूमोनियापर्यंत लवकर जातो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत गरोदर बायकाच जास्त गंभीर झाल्या होत्या. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ९५ च्या खाली आला तर मुळीच थांबू नका. काढा द्यायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर दिवस घालवू नका.

उत्तर २ (वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय):
फ्लूचा विषाणू वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत क्वचितच जातो. आईचा गंभीर न्यूमोनिया आणि कमी पडणारा ऑक्सिजन यांमुळे मात्र अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा कमी वजनाचे बाळ होण्याची भीती वाढते. तापासाठी पॅरासिटामॉल चालते, आयबुप्रोफेन या महिन्यात नको. ऑसेल्टामिवीर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वात उपयोगी ठरते, तरी उशीर झाला म्हणून गरोदर स्त्रीला ते नाकारू नये. दूध जरूर पाजावे, कारण त्यातून बाळाला प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) मिळतात. फक्त मास्क लावावा आणि हात साबणाने धुवावेत.

उत्तर ३ (एक आई, वर्धा जिल्हा):
दुसऱ्या खेपेला मी पाचव्या महिन्यात फ्लूची लस घेतली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, आईचेच संरक्षण त्याच्यापर्यंत जाते, हे मला पहिल्या वेळी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते. बाळंतपणानंतर बाळ दूध ओढेनासे झाले, छाती आत खेचू लागले किंवा मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेऊ लागले, तर रात्र असली तरी निघा.

प्रश्नकर्ता:
आकडा ९३ आला. दाखल करून ऑक्सिजन लावला आहे आणि ऑसेल्टामिवीरची कॅप्सूलही सुरू केली आहे. आईला तिच्याजवळ थांबायचे होते, पण तिलाही शिंका येत असल्याने काकू थांबल्या आहेत.