अनुभव धागा : तुमच्या ओळखीतला ‘क्रिप्टोवाला’ कसा दिसत होता, आता कसा दिसतो?

गेल्या गणेशोत्सवात इंदूरच्या आमच्या मंडळाच्या पंगतीत कोणीतरी सहज म्हणाले की अमक्यांचा मुलगा ‘क्रिप्टोत’ (बिटकॉइनसारख्या आभासी नाण्यांच्या व्यवहारात) आहे, आणि त्या एका शब्दावर ओळीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे निराळा माणूस उभा राहिला. एकाला रात्रभर संगणकापुढे बसणारा, दाढी वाढलेला पोरगा दिसला. दुसऱ्याला २०२१ मध्ये नवी गाडी घेऊन पुढच्याच वर्षी ती विकणारा स्वतःचा मेहुणा आठवला. एका काकूंनी तर “म्हणजे फोन करून पैसे लुबाडतात ते ना?” असे इतक्या मोठ्याने विचारले की वाढपी मठ्ठ्याची किटली हातात धरून तिथेच थांबला.

बिटकॉइनची कल्पना मांडणारा निबंध २००८ चा आणि त्याचे जाळे चालू झाले ते जानेवारी २००९ मध्ये. मे २०१० मध्ये एका संगणकतज्ज्ञाने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले, तेव्हा हा हौशी लोकांचा खेळच होता. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये एका बिटकॉइनचा भाव २०,००० डॉलरच्या घरात गेला, नोव्हेंबर २०२१ मध्ये तो सुमारे ६९,००० झाला, वर्षभरात १७,००० च्या आसपास कोसळला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. माझा संशय असा आहे की माणूस बहुधा तोच राहतो आणि भाव बदलला की आपण त्याचे चित्र बदलतो. इंदूरला तर हे नवे नाही. कापसाच्या सट्ट्यासाठी ज्यांचे नाव देशभर झाले त्या सर सेठ हुकुमचंदांनी बांधलेले काच मंदिर आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो आणि घरी परतल्यावर मुलांना सट्ट्यापासून लांब राहायला सांगतो.

तेव्हा आपापले अनुभव लिहावेत. नावे नकोत आणि कोणते नाणे घ्यावे याचा सल्ला तर मुळीच नको.

रामबाग, गृहिणी, वय ६८

आमच्या धाकट्याने २०१७ मध्ये माळ्यावर लोखंडी मांडणी उभी करून तिच्यावर सहा ग्राफिक्स कार्डे बसवली. त्यांच्यावर रात्रंदिवस आकडेमोड चालवून तो ‘इथर’ नावाचे आभासी नाणे काढत असे आणि त्या उद्योगाला ‘मायनिंग’ म्हणत असे. शेजारच्या वहिनींना मी त्याचे सरळ मराठी करून ‘खाणकाम’ असे सांगितले, तर त्या पुढची दोन वर्षे तो सिंगरौलीला कोळशाच्या खाणीत नोकरीला आहे असे धरून चालल्या आणि तो घरी दिसला की “सुट्टीवर आलास का?” म्हणून विचारत राहिल्या. त्या यंत्रांचा आवाज एखाद्या पिठाच्या गिरणीसारखा दिवसरात्र चाले. विजेचे बिल पाहून यांचा पारा चढे, पण पावसाळ्यात माझे ओले कपडे त्या माळ्यावर दोन तासांत खडखडीत वाळत, म्हणून मी यंत्रांच्या बाजूने बोलत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या नाण्याची पद्धतच बदलली आणि अशा यंत्रांनी ते काढणे बंद झाले. कार्डे व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांनी पडत्या भावात नेली. मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. नातेवाइकांत तो पूर्वी ‘बिघडलेला’ होता, आज तोच ‘काळाच्या पुढे असलेला’ झाला आहे. प्रत्यक्षात त्याच्या हाती काय उरले हे त्याने मला अजून सांगितलेले नाही. मांडणीवर मी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत.

लोकमान्य नगर, निवृत्त बँक अधिकारी

रिझर्व्ह बँकेचे ६ एप्रिल २०१८ चे परिपत्रक आले तेव्हा मी शाखेत होतो. आभासी चलनांचा व्यवहार करणाऱ्यांना बँकांनी सेवा देऊ नये आणि असलेले संबंध तीन महिन्यांत संपवावेत, असा त्याचा आशय होता. माझ्या मनात अशा व्यवहार करणाऱ्यांची एक ठरलेली प्रतिमा होती : पंचविशीचा, टी-शर्टातला, उर्मट. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या त्या सुती साडीतल्या, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या शिक्षिका. त्यांनी पासबुकातली एक नोंद बोटाने दाखवली आणि अगदी हळू आवाजात विचारले, “साहेब, यामुळे माझे पगाराचे खाते बंद होईल का?” मी त्यांना धीर द्यायला हवा होता. त्याऐवजी मी जुगारावर दहा मिनिटे व्याख्यान दिले, आणि ते ऐकून घेताना त्या पासबुकाचा कोपरा सतत दुमडत आणि सरळ करत होत्या, हे मला आजही आठवते. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. बाई त्यानंतर एकदा बाजारात भेटल्या. त्यांनी नमस्कार केला, मीही केला. विषय दोघांनीही काढला नाही.

वधू-वर मेळाव्यात नोंदणीचे काम पाहणारी एक कार्यकर्ती

माझ्याकडे एकाच मुलाच्या तीन वर्षांतल्या तीन परिचय-पत्रिका आहेत. २०२१ च्या पत्रिकेत ‘व्यवसाय : क्रिप्टो गुंतवणूकदार’ असे ठळक अक्षरांत होते आणि उत्पन्नाचा आकडा वाचून दोन मुलींचे वडील स्वतःहून चौकशीला आले. त्या वर्षी क्रिकेटच्या सामन्यांत दर षटकानंतर याच जाहिराती दिसत, त्यामुळे कोणाला वावगे वाटले नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात एफटीएक्स हे परदेशातले मोठे एक्स्चेंज (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचा बाजार) बुडाले, मराठी वर्तमानपत्रांतही त्याच्या बातम्या आल्या, आणि पुढच्या मेळाव्यात त्याच मुलाचा व्यवसाय ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ झाला. तिसऱ्या पत्रिकेत तो ‘संगणक अभियंता (ब्लॉकचेन)’ आहे; ब्लॉकचेन म्हणजे क्रिप्टोचे व्यवहार ज्यात नोंदले जातात ती संगणकी वही. मुलगा मुळापासून अभियंताच होता, पहिल्या दोन पत्रिकांत ते लिहिण्याची त्याला गरज वाटली नव्हती एवढेच. लग्न ठरले आहे. मुलीच्या आईने मला बाजूला घेऊन फक्त एक प्रश्न विचारला होता : “ते ब्लॉकचेन म्हणजे ते दुसरे नव्हे ना?”

विजय नगर, पूर्वी एका ‘सल्ला’ देणाऱ्या कार्यालयात नोकरी

कार्यालयाचे नाव लिहीत नाही. पदवीनंतर मी तिथे फोनवर शेअरच्या टिपा विकत असे आणि मला चार पानांची संहिता पाठ करावी लागली होती. पुढे मालकांनी तीच संहिता क्रिप्टोसाठी वापरायला दिली. ‘शेअर’च्या जागी ‘कॉइन’ एवढाच फरक होता, आणि एका पानावर तोही करायचा राहून गेला होता. लोकांना वाटते की गळाला लागतो तो लोभी तरुण. माझ्या वहीत सर्वाधिक पैसे भरणारे होते ते निवृत्तीचे पैसे हाती आलेले, वेळेवर दूधवाल्याचा हिशेब करणारे, फोनवर मला ‘बेटा’ म्हणणारे गृहस्थ. तरुण मुले उलट मलाच भाव विचारून फोन ठेवत : “भिया, तू खुद क्यों नहीं ले रिया?” मी नोकरी सोडली याचे श्रेय घेत नाही, कारण कार्यालयच एका रात्रीत बंद झाले आणि शेवटच्या महिन्याचा पगार मिळाला नाही.

सुदामा नगर, सनदी लेखापाल

माझ्यापुरता हा माणूस आता अतिशय कंटाळवाणा झाला आहे, आणि हे मी प्रेमाने म्हणतो. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लावला, १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस (व्यवहारातच कापला जाणारा कर) आला आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. एका अशिलाला एका नाण्यात ८०,००० चा नफा आणि दुसऱ्यात बरोबर ८०,००० चा तोटा झाला होता. हाती शून्य, आणि कर उपकरासह २४,९६० रुपये. हे सांगितल्यावर तो बराच वेळ छताच्या पंख्याकडे पाहत राहिला. पूर्वी हे लोक माझ्याकडे येत ते सरकार, बँका आणि नोटा कशा संपणार आहेत हे मला समजावून सांगायला. आता जुलै महिन्यात ते एक्सेलच्या फाइली घेऊन येतात आणि खुर्चीत बसण्याआधीच मुदत वाढणार आहे का हे विचारतात.

सराफा, तिसऱ्या पिढीचे दुकान

आमचे दुकान संध्याकाळी बंद होते आणि मग त्याच्याच पायरीवर रात्री भुट्ट्याचा कीस खाणारी मुले कॉइनच्या गप्पा मारतात. त्या मला वर्षानुवर्षे ऐकू येत आहेत. मात्र गेल्या वर्षी दिवसाउजेडी जे गिऱ्हाईक आले ते साठीचे, कपाळाला गंध लावलेले, सोयाबीनचे आडते. त्यांना चांदीच्या पत्र्यावर बारा इंग्रजी शब्द कोरून हवे होते. हे शब्द म्हणजे त्यांचे बिटकॉइन ज्यात असतात त्या संगणकी तिजोरीची किल्ली होती. कागद फाटतो, पाण्यात जातो, चांदी टिकते, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, “शेठ, मग ही किल्ली मलाही कळेल की.” त्यावर आम्ही दोघांनी मिळून तोड काढली : अकरा शब्द मी कोरले, आणि बारावा त्यांनी घरी जाऊन दाभणाने स्वतः कोरायचा असे ठरले. मजुरी मी घेतली नाही, चांदीचे तेवढे पैसे घेतले. रात्री जेवताना ही हुशारी भाच्याला सांगितली, तर तो ठसका लागेपर्यंत हसला. ते शब्द २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतलेच असतात, त्यामुळे अकरा माहीत असले की उरलेला बारावा संगणक बघता बघता शोधून काढतो, असे त्याने सांगितले. मी तसाच उष्ट्या हाताने फोन लावला. शेठ म्हणाले, “अहो, मी घरी पोचताच नवी तिजोरी उघडून सगळे तिकडे हलवले. तुमचा पत्रा बायकोने देवघरात ठेवला आहे, लक्ष्मीपूजनाला उपयोगी पडेल म्हणते.”