सपोर्ट क्लासची किंमत मोजायची कशी? (फायनल फँटसी १४, डान्सर)

रातराणी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही आठ जण, त्यांतले तिघे पुण्याचे आणि बाकीचे सिंगापूर-मनिलाकडचे, दर शनिवारी रात्री ‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन गेमच्या जपानी सर्व्हरवर सॅव्हेज रेड, म्हणजे आठ जणांनी मिळून बॉसशी लढायच्या अवघड लढती, खेळतो. मी डान्सर हा सोबत्यांची ताकद वाढवणारा क्लास (पात्राचा प्रकार) खेळते. मागच्या शनिवारी बॉसचा जेमतेम १ टक्का जीव उरला असताना वेळ संपली आणि त्याच्या शेवटच्या हल्ल्यात सगळे आडवे झालो. त्यानंतर आमच्या म्होरक्याने लॉग (लढतीची आकडेवार नोंद) उघडला, चार डीपीएस (मुख्यतः हल्ला करणाऱ्या) खेळाडूंमध्ये माझा आकडा सर्वांत खाली असल्याचे दाखवले आणि पुढच्या वेळेपासून मी ब्लॅक मेज (स्वतःच जबर फटके देणारा, दुरून मंत्र टाकणारा क्लास) घ्यावा, असे सुचवले. त्याचा सूर अपमानाचा नव्हता, त्यामुळे मला धड रागावताही आले नाही.

माझा प्रश्न असा, की जो क्लास मुळात इतरांचे आकडे वाढवण्यासाठी आहे, त्याची किंमत त्याच्या स्वतःच्या आकड्यावरून ठरवणे योग्य आहे का? आणि योग्य नसेल, तर हे म्होरक्याला भावनेच्या नव्हे, हिशेबाच्या भाषेत कसे पटवावे?

हिशेबनीस

रातराणीताई, तुमच्या म्होरक्याने बहुधा लॉगमधला चुकीचा रकाना वाचला आहे. साध्या डीपीएसच्या (दर सेकंदाला केलेल्या नुकसानीच्या) रकान्यात ज्याच्या हातून फटका बसला त्याच्याच नावावर सगळे श्रेय जाते. मग तो फटका तुमच्या बफमुळे (सोबत्यांची ताकद काही काळ वाढवणाऱ्या कौशल्यामुळे) मोठा झालेला असला तरीही. आरडीपीएस या रकान्यात मात्र दुसऱ्यांच्या बफमुळे तुम्हाला मिळालेली वाढ वजा होते आणि तुमच्या बफमुळे दुसऱ्यांना मिळालेली वाढ तुमच्या नावावर जमा होते. डान्सरची तुलना करायची तर ती तिथेच करावी.

आता हिशेब. टेक्निकल फिनिश या डान्सरच्या बफमुळे पार्टीचे डॅमेज (फटक्यांनी होणारे नुकसान) ५ टक्क्यांनी वाढते, तेही दर १२० सेकंदांतली फक्त २० सेकंदे. सरळ सरासरी काढली तर वाढ १ टक्क्याहूनही कमी भरते आणि तेवढ्यासाठी एक माणूस कशाला अडवायचा, असे कोणालाही वाटेल. पण पार्टीतले बहुतेक जण आपले सर्वांत जड हल्ले नेमके त्याच २० सेकंदांसाठी राखून ठेवतात, त्यामुळे ते ५ टक्के साध्या फटक्यांवर नव्हे, तर वजनदार फटक्यांवर पडतात. शिवाय बफ एकमेकांवर गुणले जातात. त्याच वेळी ॲस्ट्रोलॉजियन या हीलरचा (उपचार करणाऱ्याचा) डिव्हिनेशन हा ६ टक्क्यांचा बफ चालू असेल, तर १.०५ गुणिले १.०६ म्हणजे ११.३ टक्के होतात. डेव्हिलमेंट या तुमच्या दुसऱ्या बफमुळे तुमच्या नृत्यातल्या साथीदाराचे (ज्याला तुम्ही जोडीला निवडता त्याचे) क्रिटिकल आणि डायरेक्ट हिट, म्हणजे नेहमीपेक्षा जड बसणारे फटके, यांचे प्रमाण २० टक्क्यांनी वाढते, ते वेगळेच.

आणखी एक मुद्दा, जो सहसा कोणी काढत नाही. टँक (बॉसचे वार अंगावर घेणारा), हीलर, जवळून लढणारा, दुरून शस्त्र चालवणारा आणि दुरून मंत्र टाकणारा अशा पाच प्रकारांपैकी जितके पार्टीत असतील, तितके टक्के सर्वांच्या मूळ गुणांत भर पडते. तुम्ही डान्सर सोडून ब्लॅक मेज घेतलात आणि पार्टीत डान्सरसारखाच दुरून शस्त्र चालवणारा दुसरा, म्हणजे बार्ड किंवा मशिनिस्ट, नसेल, तर आठही जणांचा त्यातला १ टक्का जाईल. तुमचा बॉस किती टक्क्यांवर उरला होता, ते एकदा आठवा.



मलमपट्टी

मी स्कॉलर (हीलर) खेळतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वरचा हिशेब बरोबर आहे. पण सपोर्टचे निम्मे काम आरडीपीएसमध्येही दिसत नाही, कारण जे घडलेच नाही त्याची नोंद कोणताही लॉग ठेवत नाही.

एक उदाहरण देतो. बॉस सगळ्या पार्टीवर मोठा हल्ला करतो, तेव्हा त्याच्या नावाखालची पट्टी भरत जाते. नवा खेळाडू समजतो की आकडे पडद्यावर उमटतील तेव्हा फटका बसतो. प्रत्यक्षात पट्टी भरते त्याच क्षणी हिशेब होऊन गेलेला असतो. आकडे मागाहून येतात. म्हणून माझे सेक्रेड सॉइल आणि डान्सरचे शील्ड सांबा ही फटका हलका करणारी कौशल्ये पट्टी भरण्याआधी चालू असावी लागतात. इथून जपानला संदेश पोहोचायला लागणारा वेळ धरून मी पट्टीचा शेवटचा चतुर्थांश उरला की बटण दाबतो. अर्धा सेकंद उशीर झाला, तर पडद्यावर ढाल दिसते आणि माणूस तरीही मरतो.

मेलेल्याला उठवायचे तर स्विफ्टकास्ट (पुढचा मंत्र लगेच टाकू देणारे कौशल्य) हाताशी हवे. नसेल तर ८ सेकंद उभे राहून मंत्र म्हणावा लागतो आणि तेवढ्यात जागा बदलायची वेळ आली, तर तोही तुटतो. उठलेल्या खेळाडूचे मूळ गुण पुढची १०० सेकंदे २५ टक्क्यांनी कमी असतात. या सगळ्यात गेलेले डॅमेज तुमच्या शील्ड सांबामुळे वाचलेले असते, पण ते तुमच्या नावावर कोणी लिहीत नाही. म्होरक्याला सांगा, की लॉगमध्ये मृत्यूंची यादीही असते. एकदा तीही उघडून पाहा.

उलटसुलट

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण म्होरक्याची बाजू पूर्णपणे टाकाऊ नाही. सपोर्टची किंमत पार्टीच्या दर्जावर ठरते. तुमच्या २० सेकंदांत तुमचा साथीदार आडवा पडला असेल, किंवा बाकीच्यांनी जड हल्ले आधीच उधळून टाकले असतील, तर तुमचा बफ रिकाम्या मांडवात वाजलेला चौघडा आहे. अनोळखी लोकांच्या पार्टीत मी स्वतः मशिनिस्ट घेतो, कारण त्याला कोणावर अवलंबून राहावे लागत नाही.

उलट सपोर्टला फार ताकद दिली तरीही गोंधळ होतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये जुलै २०२३ मध्ये ऑग्मेंटेशन इव्होकर आला. त्याचे मुख्य काम सोबत्यांचे गुण वाढवणे हेच होते आणि थोड्याच दिवसांत पाच जणांच्या अवघड डंजनमध्ये वरच्या पातळीचे गट त्याच्यावाचून निघेनासे झाले. मग त्याची ताकद पुन्हा पुन्हा कापावी लागली. ‘गिल्ड वॉर्स २’ने तर २०१२ मध्ये ठरीव हीलर ही कल्पनाच बाजूला ठेवून सुरुवात केली होती, पण २०१५ च्या विस्तारात रेड आल्या आणि त्यांच्यासोबत उपचार करणारा ड्रुइडही आला.

तेव्हा, ताई, आधी स्वतःचा लॉग बारकाईने पाहा. दुसरे, तिसरे टेक्निकल फिनिश किती सेकंदांनी सरकत गेले? कारण ते सरकले, तर इतरांच्या बफशी त्याचा मेळ तुटतो आणि वरचा गुणाकाराचा हिशेब कोलमडतो.

रातराणी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री म्होरक्या आणि मी दोघांनी मिळून लॉग पुन्हा पाहिला. आरडीपीएसच्या रकान्यात मी शेवटून पहिली नाही, दुसरी निघाले. फार मोठा विजय नव्हे, पण ब्लॅक मेजचा विषय तिथेच मिटला. उलटसुलट यांचा संशय मात्र खरा ठरला. जागा बदलण्याच्या गडबडीत माझे तिसरे टेक्निकल फिनिश ९ सेकंद उशिरा आले होते आणि तोवर डिव्हिनेशन निम्मे संपले होते. मृत्यूंच्या यादीत आमचा सामुराई दोनदा सापडला, तो विषय शनिवारी निघेल.

एक शेवटची शंका. पार्टीत सामुराई आणि ड्रॅगून असे जवळून लढणारे दोघे आहेत. सामुराई असा वारंवार मरत असेल, तरी साथीदार म्हणून त्यालाच ठेवावे का?

हिशेबनीस

सामुराईच ठेवा, जिवंत असताना तो ती २० सेकंदे ड्रॅगूनपेक्षा जास्त वसूल करतो. पण एका लढतीत तो दोनदा मेला, तर उरलेल्या वेळासाठी ड्रॅगूनचा हात धरा आणि हे त्याला शनिवारी आधीच सांगून ठेवा.